चार बोटांचा छेद

पुण्याहून घरी येऊन तिसरा आठवडा लागला, आणि 'आता बरी आहेस की' हे वाक्यच रत्नाला नकोसं झालं होतं.

तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. घागर भरून आणली तरी धाप लागायची. डॉक्टरांनी छातीचं हाड न कापता, उजव्या बाजूला बरगड्यांमधून चार बोटांचा छेद घेऊन झडप बदलली. महिनाभर ओझं उचलायचं नाही, असं बजावून घरी सोडलं. पण वारूळवाडीत ते कुणाला पटेना. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या गळ्याखाली नजर टाकायच्या. तिथं काहीच दिसायचं नाही. खूण होती स्तनाखाली. ती दाखवणार कुणाला आणि कशी?

"दुर्बिणीनं केलं म्हणं," सासूबाई, फुलाबाई, सगळ्यांना सांगायच्या. "आजकाल लई सोपं झालंय."

त्या दिवशी टोमॅटोचा तोडा होता आणि मजूर कमी आले. नवऱ्यानं, नवनाथनं, बांधावरून हाक मारली, "रत्ना, दोन क्रेट तेवढे टेम्पोपाशी आण."

"अहो, डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलंय."

"हिंडतीस-फिरतीस की चांगली!"

तिनं रागाच्या भरात क्रेट उचलला. टेम्पोपर्यंत पोचायच्या आत बरगडीत कळ निघाली, डोळ्यांपुढं अंधारी आली, आणि ती मटकन सरीत बसली. टोमॅटो घरंगळले.

"सांडलं बघ समदं," शेजारच्या सरीतून फुलाबाई म्हणाल्या.

उरलेलेही लाथेनं उडवावेत, असं रत्नाला वाटलं.

संध्याकाळी फुलाबाईंचे चुलतभाऊ सयाजीमामा खोडदहून आले. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली होती, छाती उघडून. शर्टाची बटणं काढून ते कुणालाही व्रण दाखवायचे. घरच्यांनी त्यांना कित्येक महिने पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नव्हता. फुलाबाईंनी त्यांच्यापुढं सांडलेल्या टोमॅटोंचं गाऱ्हाणं मांडलं.

मामा रत्नाकडं वळले. "तुला मशीनवर घेतलं व्हतं का गं?"

"व्हय मामा. जांघंतून नळ्या घालून. हृदय थांबवून रगत मशीननं फिरवलं व्हतं."

"मंग माझ्यावानीच की! छेद बारका, पर आतलं काम त्येच. अगं अक्का, हिचं काळीज बंद ठिवलं व्हतं, आन् तुमी हिला क्रेट उचलाय लावता?"

फुलाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगं बया! आमाला कुणी सांगितलंच न्हाई."

रत्नानं सासूकडं पाहिलं. "मी रोज काय सांगत व्हते, आत्या? मामांनी सांगितलं तवा खरं झालं व्हय?"

नवनाथ खाली बघत बसला.

सकाळी त्यानं सगळे क्रेट स्वतः वाहिले. फुलाबाईंनी रत्नाला ओट्यावर बसवून गरम दूध दिलं आणि शेजारणीला सांगू लागल्या, "सयाजी बोलला म्हणून बरं, न्हाईतर आमाला काय कळतंय?"

रत्नानं दुधाचा पेला तसाच खाली ठेवला आणि ती घरात निघून गेली.