देल्फिनाच्या जिभेवरचं मीठ

माझी मुलगी देल्फिना इस्पितळात पडलीय, पापण्या सुजून डोळे बंद, अंग हलवलं तरी ओरडते. डॉक्टरीण रोज विचारते, "काय खाल्लं होतं?" आणि मी रोज सांगते, "घरचंच. डुक्कर तपासलेलं होतं, बाई." म्हणून ॲलर्जीची औषधं चालू आहेत.

खोटं नव्हतं ते. आमच्या अर्जेंटिनातल्या ला पाम्पात थंडी पडली की सगळं घर जमतं, डुक्कर कापतं आणि आतड्यांत मसालेदार मांस ठासून वर्षभराचे चोरिसो भरतं. कापलेल्या डुकराच्या छाती-पोटामधल्या पडद्याचा तुकडा तपासायला जातो, निर्वाळा आला की मगच मांस दळायचं. यंदाही निर्वाळा आला. दळलेल्या कच्च्या मांसात मीठ-मसाला बरोबर पडलाय का, ते चाखूनच कळतं आणि आमच्या घरात ती जीभ देल्फिनाची. दिवसभर चिमूट चिमूट चाखत होती पोर. "काका, अजून मीठ!" म्हणून माझ्या दिराला, ओव्हिदिओला, पळवत होती.

आज दुपारी ओव्हिदिओची बायको, माझी जाऊबाई सुलेमा, भेटायला आली. भोळी आहे बिचारी. पर्समधून गोळ्यांची पट्टी काढून माझ्या हातात कोंबली. "हे दे तिला. आम्हा दोघांना यानेच बरं वाटलं."

पट्टीवर वाचलं. जंतांचं औषध.

"तुम्हाला कशाला हे?"

"अगं, ओव्हिदिओच्या शिकारी दोस्ताला डुकराच्या मांसातली ती अळी निघाली ना, ट्रिकिना! त्याच रानडुकराचं मांस आपल्या चोरिसोत होतं. पलीकडच्या गावातल्या डॉक्टरने लगेच गोळ्या दिल्या. तुला ठाऊक नव्हतं?"

माझी कानशिलं तापली. ही रानडुकरं कुणा श्रीमंताने शिकारीच्या हौसेपायी युरोपातून आणून सोडली. तो गेला मरून, आम्ही निस्तरतोय. पण तो निदान परका होता. हा तर माझ्या ताटात जेवलेला माणूस! पाळलेल्या डुकराचा तुकडा तपासायला पाठवला आणि रानडुक्कर मागच्या दाराने पातेल्यात घातलं.

ओव्हिदिओ इस्पितळाच्या अंगणात माते, आमचा कडू पाल्याचा चहा, नळीने ओढत बसला होता. मी पट्टी त्याच्या तोंडासमोर धरली.

"वहिनी, हळू बोल. लोक ऐकतायत."

"ऐकू देत! रानडुक्कर का तपासलं नाहीस?"

"आमच्या बाबांनी जन्मभर खाल्लं. मीठ लावलं, धूर दिला की काही राहत नाही म्हणायचे."

"मग गोळ्या कशाला गिळल्यास?"

त्याने नजर वळवली. मग पुटपुटला, "सांगितलं असतं तर सगळ्यांच्या घरचे चोरिसो जप्त झाले असते. माझा परवाना गेला असता, बंदूक गेली असती. वाटलं, पोर तरुण आहे, निभावेल."

बंदूक! माझ्या देल्फिनापेक्षा याला लाकडाचा दांडा आणि लोखंडाची नळी जड! मी त्याची कॉलर धरली आणि भर वऱ्हांड्यातून डॉक्टरणीसमोर ओढत नेला. सुलेमा मागून रडत येत होती. येऊ दे.

"बोल," मी म्हटलं. तो बोलला. डॉक्टरीण ऐकता ऐकता खुर्चीवरून उठली. नर्सला हाक मारून तिने औषध बदलायला सांगितलं, मग ओव्हिदिओकडे वळली. "अळ्या आतड्यात असताना हे औषध फार चांगलं लागू पडतं. तुम्ही तेव्हाच घेतलंत. तिच्या अळ्या आता मांसात शिरल्यात आणि हृदयालाही सूज आहे. प्रयत्न करू. आणखी कुणाकडे गेलेत हे चोरिसो?"

ओव्हिदिओ माझ्याकडे वळला. टोपी चुरगाळत त्याने मला विचारलं, "वाचेल ना गं ती?"

मला! मलाच विचारलं त्याने!

मी सणकन त्याच्या मुस्काटात लगावली. "आधी घरं सांग," मी म्हटलं. "तिथेही कुणाच्या तरी पोरी आहेत."