खंडेरावांची खोली

माणसाने माणसाची तब्येत विचारावी, यात पाप कसलं आलंय? पण तो प्रश्न जिभेवर आला की वाल्मीकचे कान तापायचे. रोज सकाळी बंगल्याचं कुलूप काढायला आला की तो विचारायचा, "तब्येत कशी आहे, दादा?" आणि पायरीवर पेपर वाचत बसलेले खंडेराव मान वर न करता म्हणायचे, "ठणठणीत!" हे ऐकून माणसाला बरं वाटायला हवं की नको? वाल्मीकला नाही वाटायचं. मन खट्टू व्हायचं, आणि ते तसं झालं म्हणून मग दिवसभर स्वतःचीच लाज वाटत राहायची.

नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातला चांदवडकरांचा बंगला म्हणजे सगळ्या कॅम्पाचं हक्काचं घर. घडीव दगडाच्या भिंती, वर कौलं, भोवताली पेरू-चिकूची झाडं. खंडेरावांच्या आजोबांनी लष्कराला धान्य पुरवलं आणि त्या पैशातून तो बांधला. खंडेराव शाळेत मास्तर होते. त्यांनी लग्न केलं नाही, त्यांच्या बहिणीनेही नाही. एक दिवस दोघा भावंडांनी अख्खा बंगला लोकांना देऊन टाकला. भाषण नाही, हार नाही, पेपरात फोटो नाही. आता तिथं पोरांची अभ्यासिका चालते, सकाळी स्वस्तातला दवाखाना असतो, दुपारी बायका शिवण शिकतात. देताना अट एकच होती. पुढची मोठी खोली आम्ही आहोत तोवर आमची. बहीण पुढे गेली. मागे दादा उरले, ऐंशी ओलांडलेले.

वाल्मीक पतसंस्थेत कारकून, आणि बंगला सांभाळणाऱ्या समितीचा चिटणीस. त्याची बायको पूजा, चाळिशीची, दोन्ही किडन्या गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिसला नाशिकला न्यायचं. जाताना बस, येताना बस, रिक्षा दर वेळी कुठून परवडायला? येताना ती पिशवी तोंडाशी धरून खिडकीला डोकं टेकायची. वाल्मीक तिच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि बाकीचे प्रवासी दुसरीकडं बघायचे. कॅम्पात असे आणखी पाच-सहा जण होते.

तर मार्च महिन्यात सातपूरच्या एका कारखान्याकडून निरोप आला. डायलिसिसची दोन मशीन देतो, ती चालवणाऱ्या माणसाचा पगार देतो. जागा मात्र तुमची. तळमजल्यावर हवी, मोठी हवी, आत पाण्याची सोय हवी. अशी खोली बंगल्यात एकच होती. कोणाची, ते सांगायला नको.

समितीची बैठक बसली. अध्यक्ष केरूनाना. बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान आणि बोलणं असं की शब्दाशब्दाला तूप लावलेलं. नाना म्हणाले, "देवमाणूस आहे हो तो. अख्खं घर दिलं त्याने. आता उरलीसुरली खोलीपण दे, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मग करायचं काय?" वाल्मीकने विचारलं.

नाना छताकडं बघत म्हणाले, "वेळ आली की होईल."

आता 'वेळ आली की' म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण बैठकीत कोणाच्या चेहऱ्यावर काही दिसेल तर शप्पथ! चहा आला, बिस्किटं आली, कारखान्याला 'जरा थांबा' असं कळवायचं ठरलं. आणि ती सगळी भली माणसं वाट बघायला लागली.

बाकीचे मधूनमधून विसरायचे तरी. वाल्मीकला दर मंगळवारी, दर शुक्रवारी आठवायचं. पावसाळ्यात दादांना खोकला धरला, तेव्हा हाच काढा घेऊन धावला, आणि धावता धावता त्याच्या मनात आलं, या खोकल्यात जर... छे, छे! भर रस्त्यात त्याने स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली. पूजाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मशीनचंही त्याने तिला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की मग बाकीचंही सांगावं लागलं असतं. बरं वाटेल त्या दिवशी ती दादांना डबा करायची. तिला मीठ बंद, म्हणून पिठलं वाल्मीकला चाखायला लावायची. "नीट बघा हो, त्यांना अळणी नको जायला." वाल्मीक चाखायचा आणि तिच्याकडं न बघता 'ठीक आहे' म्हणायचा.

नोव्हेंबरात कारखान्याने फोन केला. आठवडाभरात खोलीची मापं पाठवा, नाहीतर मशीन दुसरीकडं जातील.

"नुसती मापं तर द्यायचीत," नाना म्हणाले. "मापं घ्यायला कोणाची परवानगी लागते?"

दादा त्या दिवशी बँकेत गेले होते, हयातीचा दाखला द्यायला. पेन्शन चालू राहायची तर माणूस अजून जिवंत आहे, हे बँकेला दरवर्षी दाखवावं लागतं. वाल्मीकने संधी साधली. हो, साधलीच म्हणायचं. टेप घेऊन तो चोरासारखा खोलीत शिरला. खाट, पुस्तकं, बहिणीचा फोटो, आणि टेबलावर पूजाचा डबा, घासूनपुसून परत द्यायला ठेवलेला. त्याने टेपचं टोक खाटेच्या पायाखाली दाबलं आणि ओढत निघाला. टोक सटकलं. पुन्हा दाबलं, पुन्हा सटकलं.

"एकट्याने नाही व्हायचं ते."

दारात दादा उभे होते.

"आधार कार्ड राहिलं," ते म्हणाले. "त्याशिवाय मी जिवंत आहे हे बँकेला पटेना."

वाल्मीकने टेप पाठीमागं लपवली. "दादा, ते... रंग द्यायचा विचार..."

दादांनी काठी भिंतीला टेकवली. वाकून टेपचं टोक उचललं आणि भिंतीला घट्ट दाबून धरलं. "ओढ. ताणून धर, मापात पाप नको."

वाल्मीकने ओढली. दुसरं करणार काय? लांबी झाली. मग रुंदीसाठी ते म्हातारं माणूस कमरेवर हात ठेवून हळूहळू खोली ओलांडून गेलं आणि तिथं पुन्हा टोक धरून उभं राहिलं.

"हं. आता सांग, कशाला?"

वाल्मीकने सांगितलं. कारखाना, मशीन, नानांचं 'वेळ आली की', सगळं. पूजाचं नाव तेवढं त्याने टाळलं. ते दादांनीच घेतलं.

"म्हणजे पूजा अजून बसने जाते ती यामुळे? कधीपासून चाललंय हे?"

"मार्चपासून."

दादा खाटेवर बसले. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर वाल्मीकने त्या प्रसादासारख्या घेतल्या असत्या.

"गाढवांनो," दादा सावकाश म्हणाले, "मागायची लाज वाटली तुम्हाला. वाट बघायची नाही वाटली?"

वाल्मीक नुसता टेप गुंडाळत राहिला.

"मला कोठीची खोली दे. स्वयंपाकघराला लागून आहे, थंडीत ऊब असते. लहानपणी आम्ही तिथंच निजायचो. काय आहे तिथं सध्या?"

काय होतं तिथं! समितीच्या मोडक्या खुर्च्या, सत्कारांचे जुने फलक आणि केरूनानांनी दुकानातून आणून टाकलेला बंद पडलेला कूलर. हे हलवावं आणि दादांना विचारून बघावं, असं आठ महिन्यांत एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. त्यापेक्षा माणूस हलायची वाट बघणं सोपं गेलं होतं.

"भंगार आहे," वाल्मीक म्हणाला आणि त्याला रडूच फुटलं.

"रडतोस काय? ते कार्ड दे टेबलावरचं. बँक बंद होईल."

घरी येऊन त्याने पूजाला एवढंच सांगितलं, की मशीन येतायत आणि दादांनी आपली खोली दिली. तिने तिथल्या तिथं बंगल्याच्या दिशेने हात जोडले. मार्चपासूनचं मात्र त्याच्या तोंडून निघालं नाही. आठ महिने ती बसमध्ये तोंडाशी पिशवी धरून बसली होती, आणि तिच्या नवऱ्याला एक साधा प्रश्न विचारायचा धीर झाला नव्हता. हे तिला कसं सांगायचं?

संक्रांत झाल्यावर मशीन सुरू झाली. पहिला मान पूजाचा. मोठ्या खोलीत, जिथं दादांची खाट होती तिथंच तिची खुर्ची लागली. हाताला नळ्या लावून झाल्या आणि पलीकडच्या कोठीतून खोकल्याचा आवाज आला. पूजाने इकडून हाक मारली, "दादा, शंभर वर्षं जगा बरं का तुम्ही!"

"जगतो की!" कोठीतून उत्तर आलं. "आता कोणाची अडचण नाही."

पूजा खळखळून हसली आणि शेजारी उभ्या वाल्मीककडं वळली. "ऐकलंत? काय बोलतील नेम नाही. पण खोकतायत हो. तुम्ही विचारलंत का आज, तब्येत कशी आहे ते?"

वाल्मीकने विचारलं नव्हतं. दादांनी टेप धरली त्या दिवसापासून त्याने एकदाही विचारलं नव्हतं.