फारुखच्या टाचेतली सुई

मित्रांनो, पाचोऱ्याच्या फारुख पिंजाऱ्याच्या दुकानात खुंटीवर टांगलेली जुनी धनुकली ती मीच. सहा फुटांचं लाकूड आणि त्यावर ताणलेली आतड्याची तात, एवढाच माझा पसारा. लाकडी मोगरीने तात ठोकली की गादीतला दबलेला कापूस फुलून वर यायचा.

फारुख मला खांद्यावर टाकून भडगावच्या वाटेवरची गावं पायी करायचा. गल्लीच्या तोंडाशी तात छेडली की बायका जुन्या गाद्या काढायच्या. मग दिवसभर वाकणं, उठणं, ठोकणं. कापसाच्या धुळीने तो खोकायचा, म्हणजे मीही काही फार गुणाची नव्हते. पण चार भाकरी खाऊन तो त्या सहज जिरवायचा.

पुढे दुकानात विजेची मशीन आली. तिचा मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू! फारुख स्टुलावर बसून तिच्या तोंडात कापूस सारू लागला. गिऱ्हाईक आलं की गोड चहा.

"फारुखभाऊ, आते तू शेठ व्हई गया!" शेजारचे तोताराम आबा म्हणाले.

"मशीन बठ्ठं काम करस, आबा," फारुख हसला. मलाही वाटलं, सुटला बिचारा.

काही वर्षांत त्याला साखरेचा आजार जडला. दवाखान्यातल्या नर्स कुंदाबाईंनी समजावलं, "फारुखभाऊ, इन्सुलिन नावाचं संप्रेरक रक्तातली साखर स्नायूंपर्यंत पोचवतं. स्नायू राबते असले की ते त्याचं लगेच ऐकतात. बसून राहिलात की ऐकेनासे होतात. गोळ्या घ्या, पण रोज चालाही."

दुकानामागच्या घरी येऊन तो बायकोला, हमीदाला, म्हणाला, "तीस वरीस धनुकली ठोकी. तेवढी मेहनत जनमभर पुरी!" गोळी घ्यायचा आणि पुन्हा स्टुलावर बसायचा. मेहनत काही धान्यासारखी कणगीत भरून ठेवता येत नाही, हे त्याला कळलं नाही. आणि मी पडले मुकी.

पिंजारी कापसात अनवाणीच वावरतो. सरकी रुतली तरी तळव्याला कळते. फारुखचे तळवे मात्र आजाराने बधिर झाले होते. एका जुन्या गादीतली मोठी सुई त्याच्या टाचेत घुसली आणि त्याला पत्ताच नाही. चौथ्या दिवशी कापसावर रक्तापुवाचा डाग दिसला तेव्हा हमीदा किंचाळली. तोवर पाय सडला होता. जळगावला नेऊन तो गुडघ्याखाली कापावा लागला. मला फार वाईट वाटलं.

मग कुंदाबाईंनी घरी येऊन त्याच्या मुलीचं, सबाचं, रक्त तपासलं. ती दिवसभर विजेच्या मोटारीवर चालणाऱ्या शिलाई मशीनवर बसते. तिची साखर आजाराच्या हद्दीवर आली होती.

"अजून मागे फिरता येईल, सबा," त्या म्हणाल्या. "रोज चालत जा."

"शिवायचे कपडे पडले आहेत, अब्बा. उद्यापासून जाते," सबा म्हणाली.

"उद्या नही, बेटी. आते ऊठ!" फारुख खाटेवरून गरजला.

सबाने चपला घातल्या. तिला चौकापर्यंत सोडावं म्हणून तो सवयीने उठला आणि धाडकन जमिनीवर कोसळला. हमीदा धावली. सबा दारातच थबकली.

"तू जाय!" तो पडल्या पडल्याच ओरडला. "मी पडना तरी मांगे देखू नको!"

ती डोळे पुसत निघाली.

मित्रांनो, तुम्ही हे बसूनच वाचलं असेल. पुरे झालं. आता उठा.