नखाखालचं सुईचं टोक

शिंपीमास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं, की डाव्या अंगठ्याच्या नखाखाली सुईचं टोक मोडून राहिलंय. मशीनची सुई कुठल्या शिंप्याच्या बोटातून गेली नाही? खाली पडलेल्या टाचण्या उचलायचं लोहचुंबक ते नखावर फिरवत बसत. टोक काही हलायचं नाही. कळ मात्र पार खांद्यापर्यंत जायची. कापड दाबून धरणं जमेना, तेव्हा दुकान विकायची भाषा सुरू झाली, दारावर पाटीही लागली.

"एक्स-रेत तर काही निघालं नाही," बायको म्हणाली. "आणि भांड्यांच्या गार पाण्यात हात घालायचा म्हटलं, की नेमका ठणकतो तुमचा अंगठा."

गार पाण्यानेच तर जीव जायचा, हे मास्तरांनी सांगून खरं कोण मानणार?

शेवटी दोघं हातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. नखाच्या मुळाशी निळसर झाक होती. बाई टाचणीच्या बोथट माथ्याने नख जागोजाग दाबू लागल्या. इथे? नाही. इथे? नाही. एका ठिकाणी मास्तर खुर्चीतून उठलेच.

मग बाईंनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधून घट्ट फुगवला आणि तीच जागा पुन्हा दाबली. मास्तरांनी घट्ट मिटलेला एक डोळा उघडला.

"दाबताय ना?"

"दाबतेय की."

"मग कळ गेली कुठे?"

"रक्त अडवलं, कळ थांबली. सुईला रक्ताशी काय देणंघेणं? ही बारीक रक्तवाहिन्यांची गाठ आहे, एक्स-रेत बहुधा दिसत नाही. साधी असते, कॅन्सर नव्हे. गार पाण्याने जास्त दुखतं का?"

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पिशवीचा बंद नीट करत होती.

बाईंनी अंगठा बधिर केला, नख उचललं, गाठ सोलून काढली आणि नख जागेवर बसवून टाका घातला. तपासणीला जायच्या बाटलीत तांदळाच्या कणीएवढा गोळा पडला होता. मास्तरांनी खिशातलं चुंबक काढून बाटलीला बाहेरून लावलं. गोळा ढिम्म.

"खात्री झाली?" बाईंनी विचारलं.

"बघितलेलं बरं."

जखम भरल्यावर मास्तर स्वयंपाकघरात गेले आणि त्यांनी गार पाण्याच्या धारेखाली अंगठा धरला.

"सरका, मी घासते," मागून बायको म्हणाली. "इतके दिवस उगाच बोलले तुम्हाला."

"थांब गं, अजून बघू दे."

कळ येते का ते बघत बघत मास्तरांनी सगळी भांडी घासली. मग हात पुसले आणि दुकानावरची विक्रीची पाटी काढायला निघाले.