कबरीच्या लेकी

पाय. पिवळा, काडीएवढा, आणि त्याच्या बाहेरच्या कडेला... होतंच... एक काळं, ओलसर, केसाएवढं पीस. चोल्पोनने पिल्लू उताणं करून तळहातावर धरलं होतं आणि त्याचं काळीज तिच्या अंगठ्याखाली इतकं भराभर उडत होतं की ते त्याचं की आपलं, हे क्षणभर तिला कळेना. पायावर पीस म्हणजे बाप शेजारचा. दामीराचा तो पायमोजे घातल्यासारखा दिसणारा कोंबडा. आपल्या लाल कोंबड्याचे पाय गुळगुळीत.

"लिही," ती म्हणाली. "बाप दामीराकडचा."

"ते मला दिसलं, जेंगे. आई सांग."

बेगाइम पालथ्या बादलीवर बसली होती, मांडीवर वही. वहीत दोन रकाने, पट्टीने आखलेले – आई, बाप. बारा वर्षांची पोर, आणि पेन्सिल धरायची ती अशी घट्ट, की जणू कोणी हिसकावून घेणार आहे.

जेंगे. म्हणजे वहिनी. मोठ्या भावाची बायको. या घरात ही मुलगी चोल्पोनच्या नवऱ्याची, मारातची, धाकटी बहीण आहे, सासूची, म्हणजे आपाची, उशिरा झालेली लेक आहे, आणि चोल्पोन तिची जेंगे आहे, आणि हे असं बारा वर्षं चाललं आहे, कारण चोल्पोनच्या बाळंतपणाच्या चाळिसाव्या दिवशी आपाने पाळण्यातून तिला उचललं आणि म्हटलं होतं, पहिलं मूल थोरांचं. त्यात नवल नव्हतं. गावात चार घरांत असंच झालं होतं. त्या हिवाळ्यात सासरे गेले होते, आपा दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडायची. घरात काहीतरी रडायला-हसायला हवंच होतं. मारात म्हणाला, आपल्याला अजून होतील. झालाही, एक मुलगा. तो चोल्पोनला आई म्हणतो, आणि आता बापाबरोबर मेंढ्या घेऊन वर कुरणावर गेला आहे. पण त्या दिवशी... त्या दिवशी आपानेच तिच्या छातीवर पांढरं कापड घट्ट आवळून बांधलं होतं, दूध आटावं म्हणून, आणि बांधताना आपाही रडत होती, हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. नुसती दुष्ट असती तर किती सोपं झालं असतं.

"जेंगे! आई?"

"उघड्या मानेची," चोल्पोन म्हणाली. "बघ ना, मानेवर लव नाही."

बेगाइमने लिहिलं. आठ झाली. अकरा अंडी ठेवली होती, तीन कोंबड्यांची – पट्टेरी कबरीची, पांढरीची आणि उघड्या मानेच्या काळीची. त्या तिघींपैकी एकही खुडूक बसली नाही. बसली ती म्हातारी तपकिरी, जिने वर्षभरात एक अंडं घातलं नव्हतं. एकवीस दिवस ती खुराड्याच्या कोपऱ्यातून हलली नाही, आणि आता तिच्या पोटाखालून नऊ डोकी आतबाहेर करत होती. चोल्पोनने हात घातला की ती टोचत होती. मनगटावर दोन ठिकाणी रक्त आलं होतं.

जर्दाळूच्या झाडापलीकडच्या भिंतीवर दामीराचं डोकं उगवलं.

"काय गं, आमच्या नवऱ्यामुलाने किती घरं केली तुमच्याकडे?"

"पाच," बेगाइम वही बघून म्हणाली.

"पाच! आणि तुमचा तो लाल काय नुसता आरवतच होता?" दामीरा हसली. तिच्या हसण्यात वाईट काही नसतं, पण तिची जीभ उतारावरच्या गाडीसारखी आहे. "अगं, लपवून लपतंय होय? पायाकडे बघितलं की बाप कळतो आणि डोळ्यांकडे बघितलं की..."

ती थांबली. थांबायला नको होतं. नुसती बोलून गेली असती तर काही नव्हतं. पण ती थांबली, आणि तिची नजर बेगाइमच्या डोळ्यांवरून चोल्पोनच्या डोळ्यांवर आली आणि तिथून घाईघाईने तलावाकडे गेली, जणू पाण्यावर काही दिसलं. मधाच्या रंगाचे डोळे. आख्ख्या घरात दोघींचेच. आपा सगळ्यांना सांगते, माझ्या बापाचे डोळे असेच होते. त्या बापाला बघितलेलं आता गावात कोणी उरलेलं नाही.

"दूध उतू जाईल माझं," दामीरा म्हणाली आणि डोकं खाली गेलं.

बेगाइम वहीत बघत होती. तिने ऐकलं का? ऐकलंच असणार. पण ऐकणं वेगळं आणि... चोल्पोनने उगाच पिल्लाला पुन्हा उलटं केलं. आजच हे सगळं व्हायचं होतं. दुपारी मास्तर येणार. काराकोलच्या शाळेत बेगाइमला जागा मिळाली आहे, वसतिगृहासकट. मास्तरांनीच खटपट केली, आणि आता कागद न्यायला ते येणार. सगळे कागद तयार होते. एकच राहिला होता, जन्मदाखला. तो संदुकीत होता, आणि त्यावर आईच्या नावापुढे लिहिलं होतं – चोल्पोन. बारा वर्षांपूर्वी ते बदलून घ्यायचं ठरलं होतं, तेव्हा रस्ता बर्फाने बंद झाला. मग मेंढ्या व्यायला लागल्या. मग राहून गेलं. राहून गेलं की आपण राहू दिलं... मारातला तिने पुन्हा कधी आठवण केली नाही. सरकारी कागदावर, कुलपात, कोणाच्या नजरेला न पडता, ती आई होती. तेवढं तिने ठेवून घेतलं होतं.

काल आपा म्हणाली होती, "पाकीट चिकटवून सरळ मास्तरांच्या हातात द्यायचं. पोरीच्या नाही."

"हो, आपा," ती म्हणाली होती. तीही आपाला आपाच म्हणते. आई. दोघी एकाच बाईला.

"आता शेवटचं," बेगाइम म्हणाली.

शेवटचं सगळं काळं होतं. डोक्यावर ठिपका नाही, पाय स्वच्छ, मानेवर लव. बाप लाल कोंबडा, यात शंका नव्हती.

"आई उघड्या मानेची," चोल्पोन म्हणाली. "तिची सगळीच पिल्लं काही उघड्या मानेची निघत नाहीत."

"कशावरून? कबरीची पण असेल."

"कबरीच्या पिल्लांना डोक्यावर पांढरा ठिपका असतो. ती दोन बघ की."

"ते नर आहेत." बेगाइमने मान वर केली. "मास्तरांनी सांगितलं मला. कबरीचे पट्टे मुलग्यांनाच जातात. लेकींना नाही. लेकींच्या अंगावर आईचं ते काही येतच नाही, म्हणून कबरीच्या लेकी ओळखता येत नाहीत. कोणाच्याही म्हणून खपतात."

पोर साधं बोलत होती, धडा म्हणून दाखवल्यासारखं. की नव्हती? त्या आवाजात काही होतं का... तिने त्या चेहऱ्याकडे बघितलं आणि त्या चेहऱ्याने तिच्याकडे बघितलं, आणि दोघींपैकी कोणीच नजर काढली नाही, आणि पिल्लू मात्र हातात ओरडत राहिलं.

"ज्या कोंबडीने उपाशी बसून ती उबवली, तिची ती पिल्लं," आपा ओट्यावरून म्हणाली. ती कणीक मळत होती. केव्हापासून ऐकत होती कोण जाणे. "वहीबिही काही लागत नाही त्याला."

"पण आपा, रंग तिचा नाही ना येणार."

"रंगाचं काय लोणचं घालायचंय? ठेव ते खाली, गारठेल. चोल्पोन, जा, पाकीट काढून आण. मास्तर येतील."

तिने पिल्लू ठेवलं. म्हातारीने ते चोचीने ओढून पोटाखाली घेतलं, न बघता, इतरांसारखंच.

आतल्या खोलीत गार होतं. संदुकीवरच्या रजया एकेक उतरवताना तिच्या मनात येत होतं की पाकिटातून कागद काढून चुलीत टाकला तर... शाळा जाईल. जाऊ दे, पोर इथेच राहील, जेंगे म्हणत राहील, डोळ्यांसमोर. हे मनात आलं आणि तिला स्वतःची भीती वाटली. मग उलटं – कागद उघडा, घडी न करता, सगळ्यांसमोर त्या बादलीवर ठेवावा आणि म्हणावं... काय म्हणावं? बारा वर्षांत तिने ते वाक्य शंभरदा रचलं होतं. गाईखाली बसून, चादरी पिळताना. एकदा ते फार लांब झालं होतं, एकदा नुसता एक शब्द. आता एकही आठवेना. कुलूप निघालं. लाल पत्र्याच्या डब्यात सगळे कागद असतात. त्यात गुरांचे दाखले निघाले, सासऱ्यांचं पदक निघालं, लग्नाचा फोटो निघाला. पाकीट नव्हतं. तिने दुसऱ्यांदा बघितलं. आपाने जागा बदलली की काय? की आपानेच आधी चुलीत...

खिडकीतून आवाज आला, अंगणातून, सहज.

"जेंगे, लाल डब्यात नाहीये ते. खाली, आजोबांच्या कोटाच्या आत. डाव्या खिशात."

आजोबांच्या. बाबांच्या नाही. आपाचा नवरा तिचा बाप होता, या घराच्या हिशेबाने. आजवर तिने त्यांना बाबांखेरीज दुसरं काही म्हटलं नव्हतं.

ओट्यावरचा कणकेचा आवाज थांबला.

चोल्पोनने कोटाच्या डाव्या खिशात हात घातला. पाकीट होतं. त्याची कड हाताळून मऊ झाली होती, कापडासारखी. एकदा उघडून तशी होत नाही.

ती बाहेर आली तेव्हा आपा ओट्यावर तशीच उभी होती, पिठाचे हात अंगापासून लांब धरून, आणि पहिल्यांदाच चोल्पोनला ती इतकी म्हातारी दिसली. फाटकापाशी मास्तरांची गाडी लागली होती. चोल्पोन ओट्याकडे गेली नाही, फाटकाकडेही नाही. तिने पाकीट बेगाइमसमोर धरलं.

"उघडू नकोस हं," आपा म्हणाली. सवयीने, आवाजात जीव नव्हता.

"नाही उघडत, आपा." पोरीने ते वहीत सरकवलं, वही काखेत मारली आणि फाटकाकडे चालू लागली. तिने मागे बघितलं नाही. धावलीही नाही.

चोल्पोन तिथेच उभी राहिली. म्हणजे तो दिवस, ज्याची ती बारा वर्षं वाट बघत होती आणि ज्याला ती बारा वर्षं घाबरत होती, तो होऊन गेला होता. कधीतरी, मागे, एखाद्या साध्या दुपारी. ती कपडे वाळत घालत असेल, आणि आत संदुकीपाशी एक मुलगी स्वतःचं नाव वाचत असेल आणि त्याच्याखालचं दुसरं नाव. आणि मग तिने कागद होता तसा ठेवला असेल, रजया रचल्या असतील, बाहेर येऊन म्हटलं असेल – जेंगे, भूक लागली. आणि मी तिला भाकरी दिली असेल. लोणी लावून. साखर घालून. कोणता दिवस होता तो? गेल्या उन्हाळ्यात ताप आला तेव्हा माझा हात तिने रात्रभर सोडला नव्हता, तो त्याच्या आधी की नंतर? तिने मला कळू दिलं नाही. माझ्यासाठी दिलं नाही की आपासाठी, की तिला नकोच होते मी... मला राग आला होता, इतका की कानशिलं तापली होती, आणि तो कोणावर आहे ते मला कळत नव्हतं. आणि त्या रागाच्या खाली, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, छाती दुखत होती.