भोंग्यावरची नावं

आमच्या डोंगरातल्या गावात तेव्हा एकच टेलिफोन होता आणि तो माझ्या ताब्यात होता. चावडीच्या कौलांवर भोंगा बसवलेला. उत्तरेतून, सीमेपलीकडच्या अमेरिकेतून कुणाचा फोन आला की मी भोंग्यावरून हाक मारायची, आणि तो माणूस हातातलं काम टाकून धावत यायचा. कुणी डुक्कर कापलं, कुणाचं गाढव हरवलं, सगळं गावाला माझ्याच आवाजात कळायचं. आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि भोंग्यात पाखरांनी घरटं केलंय. तरी बाजारात कुणी जुनं माणूस भेटलं की हसून विचारतं, "एर्मेलिंदा, माझा फोन आला का गं?"

माझी लेक एल्विया वाहाका शहरात डॉक्टर झाली आणि हट्टानं गावच्याच दवाखान्यात आली. आल्या आल्या तिनं बायकांची गर्भाशयाची तपासणी सुरू केली. लाजून बहुतेक जणी फिरकल्याच नाहीत. बाजारात तमाले, म्हणजे पानात उकडलेले मक्याचे उंडे, विकणारी सेनाइदा मात्र पहिल्या दिवशी गेली. एल्वियाच्या बाप्तिस्म्याला तिनंच तिला कडेवर घेतलं होतं; तेव्हापासून ती पोरीची माद्रिना, धर्ममाता, आणि माझी कोमाद्रे. लेकीसारखी पोर डॉक्टर झाली, तिचं मन कसं मोडायचं?

एके सकाळी मी फोनवर असताना एल्विया तरातरा आत आली. तिनं माइक ओढला आणि मी काही म्हणायच्या आत बोलूनही टाकलं, "सेनाइदा, तुमच्या गर्भाशयाच्या तपासणीत दोष निघालाय. ताबडतोब दवाखान्यात या."

गाढवाची बातमी द्यावी तशी.

दुपारपर्यंत गावभर कुजबुज. सेनाइदाचा नवरा कित्येक वर्षं उत्तरेत. तिची सासू तिमोतेया नळावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "नवरा तिकडे, मग हिला हे दुखणं कुणी दिलं?" दुसऱ्या दिवशी सेनाइदाच्या तमालेंची टोपली बाजारातून भरलेलीच परत गेली. तिनं दाराला कडी घातली.

एल्विया दाराशी गेली. मागे मी.

"माद्रिना, दार उघडा. आत्ता शहरात नेलं तर छोटीशी शस्त्रक्रिया, बास. उशीर केलात तर कॅन्सर होईल."

आतून आवाज आला, "झाला तर होऊ दे. त्या दवाखान्याची पायरी चढताना मी गावाला दिसणार नाही."

"लोक काय, बोलतातच!"

"लोक नाही बोलले, पोरी. तू बोललीस."

चावडीत परतलो तेव्हा एल्वियाच्या नाकपुड्या फुलल्या होत्या. "दोन शिपाई पाठवून उचलून आणते तिला. डॉक्टर आहे मी, गावचे अध्यक्ष माझा शब्द मोडणार नाहीत. किंवा तू परत हाक मार, दिवसभर मार. बघू किती वेळ बसते आत."

मी माइकवर पालथा हात ठेवला. "या भोंग्यावरून सेनाइदाचं एकटीचं नाव पुन्हा जाणार नाही."

"आई, ती मरेल! तुला कळतंय का?"

"तुझ्या तोंडून ऐकलं म्हणून कळतंय. आता तू तिचं ऐक. आजाराला ती भीत नाही. एकटीच्या नावाला भितेय."

"मग मी करू काय?"

"ते मला काय विचारतेस? डॉक्टर तू."

ती पाय आपटत गेली. रागात जेवलीही नाही, आणि तिच्या आवडीची काळ्या घेवड्याची आमटी होती. पण पोर माझीच, हातातलं सोडणारी नव्हे. सकाळी भोंगा सुरू करायला गेले तर ही माझ्या आधी पायरीवर बसलेली.

"आई, गावातल्या सगळ्या बायकांची नावं तुला पाठ आहेत ना?"

"झोपेत सांगेन."

"मग सांग. एकूण एक. तपासणी सगळ्यांनाच हवी आहे, हे खोटं नाही. आणि पहिलं नाव तुझं."

"माझं? या वयात?"

"या वयातच."

भोंग्यावर आधी ती बोलली. म्हणाली, हा दोष कुणाही बाईत निघू शकतो, वर्षानुवर्षं मुका बसून राहतो, त्यावरून बाईची चालचलणूक कळत नाही. आणि कुणाच्या तपासणीत काय निघालं ते या भोंग्यावर यापुढे कधी ऐकू येणार नाही. एकदा आलं, ती चूक डॉक्टरची. आवाज चढवला नाही, रडलीही नाही.

मग मी सुरू केलं. एर्मेलिंदा, म्हणजे मी. मग वरच्या आळीपासून एकेक. तिमोतेयाचं नाव घेताना मी जरा जास्तच जोर दिला असेल. सेनाइदाचं नाव मध्येच कुठेतरी आलं, शेजारणींच्या नावांत मिसळून. घसा बसेपर्यंत पुकारत होते.

दवाखान्याच्या चढावर बायकाच बायका. तिमोतेया शाल डोक्यावरून घेऊन पुटपुटत होती, "मला मेलीला काय होणार आहे? सगळं वाळून गेलंय." मागची म्हणाली, "आजी, तोंड तेवढं ओलं आहे अजून!" सगळी रांग खिदळली.

तेवढ्यात चढावर सेनाइदा दिसली. डोक्यावर तमालेंची टोपली, जणू विकायलाच आलीये. हसणं थांबलं. कुणी पुढे होईना.

एल्विया दारात आली. तिनं नाव पुकारलं नाही. खाली उतरून टोपलीसमोर उभी राहिली.

"माद्रिना, तिखट आहेत का?"

सेनाइदानं तिला नीट निरखून पाहिलं. "डॉक्टरला झेपतील एवढेच."

एल्वियानं एक घेतला, तिथेच उभ्यानं पान सोडून खाल्ला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग रांगेतल्या बाकीच्यांचे हात पुढे आले. तिमोतेयानं सगळ्यात शेवटी घेतला, पण घेतला.

टोपली रिकामी झाली तशी सेनाइदानं ती माझ्या हातात दिली. "धर कोमाद्रे. आणि तुझी रांग सोडू नकोस. तुझंही नाव पुकारलंय." घागऱ्याला हात पुसत ती पायरी चढली आणि आत गेली.