तीन नंबरचं गाढव

महिपती मास्तरांनी हात खाली आणला आणि समोरच्या मंडळीनं निदान चार ठिकाणांहून गाणं सुरू केलं. पुरुष पुढं निघून गेले, बायका मागं राहिल्या, आणि तबलजी दुसऱ्याच्या वरातीत शिरलेल्या माणसासारखा दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिला.

भांबळांनी टेपरेकॉर्डर थांबवला आणि रीळ मागं फिरवलं. ते अहमदनगरचे. कुठल्याही कंपनीच्या नादी न लागता येशूजन्मावर स्वतःच फिल्म काढत होते. त्यांचा राग फार विनयानं बाहेर पडत असे.

"आवाज सुरेख आहेत, मास्तर," ते म्हणाले. "फक्त ते एकाच गाण्यातले वाटायला हवेत."

फिल्म मुकी होती. मरिया गाढवावर बसून बेथलेहेमला चालली आहे आणि पुढं योसेफ दोर धरून, हे सगळं भांबळांनी अक्कलकोटच्या वाटेवरच्या एका माळावर आधीच टिपून घेतलं होतं. संगीत मागाहून जोडायचं. गाणं मास्तरांनी रचलेलं, चाल मास्तरांची, आणि ताल तर मास्तरांचाच. सोलापुरातल्या ख्रिस्ती मंडळीत हे सर्वमान्य होतं. किती तरी वर्षं दर रविवारी ते वेदीशेजारी उभे राहून हात हालवत आणि मंडळी सुतासारखी सरळ गात असे. चर्चचे पाळकसाहेब त्या हाताला मेंढपाळाची काठी म्हणत.

आज काठी होती, पण मेंढरं मोकाट सुटली होती. टेपरेकॉर्डर संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा होता. तोवर जमलं नाही तर आपल्यापाशी एक विलायती तबकडी आहे, तीच लावू, वाईट वाटून घेऊ नका, असं भांबळ सकाळपासून फार मायेनं सांगत होते.

खरं तर सगळं त्यांच्याच मनासारखं झालं होतं. चर्चच्या भिंतीला भिंत लावून ईरप्पांचा चादरींचा कारखाना. प्रार्थना असो, लग्न असो, शनिवारची तालीम असो, पलीकडून लूमचा खडखडाट चालूच. त्याविरुद्ध मास्तरांनी महापालिकेत इतके अर्ज दिले होते की तिथला कारकून त्यांना जिन्यात बघूनच जेवायला जात असे. म्हणून तर रेकॉर्डिंगला त्यांनी शुक्रवार सुचवला. शुक्रवारी लूम बंद. आमचं खरं गाणं तुम्हांला त्या दिवशी ऐकू येईल, असं ते भांबळांना बोलून बसले होते.

ते ऐकू येत होतं.

आणखी एकदा हात खाली आला. या वेळी बायका पुढं गेल्या. पहिल्या रांगेत मास्तरांची बायको गोजाबाई नेहमीप्रमाणे डोळे मिटून गात होती. एरवी तिच्या भक्तीचं मास्तरांना कौतुक वाटे. आज पहिल्यांदाच त्यांच्या मनात आलं की डोळे मिटलेल्या बाईला हात दिसतो कसा.

पाणी पिण्याच्या निमित्तानं ते कोपऱ्यातल्या माठाकडं गेले. पेला हातात घेतला आणि टेकायला म्हणून दुसरा तळवा ईरप्पांच्या बाजूच्या भिंतीवर ठेवला. ही भिंत कायम थरथरत असे. तिच्यावरची येशूची तसबीर दर महिन्याला वाकडी व्हायची. आज भिंत मेल्यासारखी गार होती.

मास्तर तसेच उभे राहिले. त्यांना उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आठवला. दर वर्षी त्या दिवशी गाणं असंच अडखळत, भरकटत जाई. दर वर्षी पाळकसाहेब डोळे पुसत म्हणत, मंडळीनं वधस्तंभाचं दुःख काय हृदयातून गायलं. मास्तर मान लववून ते कौतुक घरी घेऊन जात. उत्तम शुक्रवार हा, काही झालं तरी, शुक्रवारीच येतो.

त्यांनी पेला न पिताच माठावर उपडा ठेवला, पाणी पायावर सांडून घेतलं आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

ईरप्पा कारखान्याच्या पायरीवर बसून कडक भाकरी दह्यात चुरत होते. मास्तरांना येताना बघून त्यांनी ताट जरा आपल्याकडं ओढलं.

"आज तर बंद हाय की, मास्तर. आता कसला अर्ज?"

मास्तरांनी घसा साफ केला. आपलं एक काम होतं, म्हणाले. एखादा लूम थोडा वेळ चालू करता येईल का.

ईरप्पांचा घास हातातच राहिला. त्यांनी मास्तरांच्या पायांकडं पाहिलं. ते ओले होते.

"तुमी? चालू करा म्हणताय?"

"फिल्ममध्ये गाढव आहे," मास्तर म्हणाले. आपल्या तोंडून हे काय निघतंय याचं त्यांनाच नवल वाटलं. "त्याच्या पावलांचा आवाज पाहिजे."

ईरप्पांनी बराच वेळ दही कालवलं. "तीन नंबर घ्या मग," ते अखेर म्हणाले. "त्यो जरा लंगडतो. गाढवाला बरा पडंल."

हात धुऊन ते स्वतःच आत गेले. मास्तर चर्चमध्ये परतले तोवर पलीकडून खटाक्, मग खट्-खटाक् असा आवाज आला आणि भिंतीत जीव आला.

भांबळ टेपरेकॉर्डरपासून ताडकन् उठले. मास्तरांनी त्यांनाही गाढव सांगितलं. भांबळांनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि थोड्याच वेळात ही कल्पना आपल्याला माळावरच सुचली होती असं त्यांना आठवलं. त्यांनी मागच्या दाराशेजारची खिडकी अर्धी लावून घेतली.

"गाढव जरा लांबून येऊ दे," ते म्हणाले.

मास्तरांनी हात खाली आणला. मंडळी एका तोंडानं गायला लागली. पुरुष, बायका, तबला, सगळं एका सुतात. दुसऱ्या कडव्याला मास्तरांनी आपला हात सावकाश खाली घेतला आणि पाठीमागं नेऊन ठेवला. गाण्याला त्याचा पत्ता लागला नाही. कुणी वळून पाहिलं नाही. गोजाबाईचे डोळे मिटलेलेच होते. कडवं सुंदर झालं. शेवटच्या कडव्याला त्यांनी हात पुन्हा वर काढला, कारण रिकामा हात कुठं ठेवायचा हे त्यांना माहीत नव्हतं.

नाताळात चर्चच्या पटांगणात फिल्म दाखवली. पडदा ईरप्पांनी दिला होता, त्यामुळं त्यांना पुढची खुर्ची. माळावरून गाढव चालू लागलं आणि त्याच्या पावलांचा ठेका ऐकून माणसं जागच्या जागी गप्प झाली. मध्येच ते हट्टी जनावर साफ थांबलं, योसेफानं दोर ओढला, तरी पावलं वाजतच राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. लंगड्या गाढवाची कल्पना फार खोल आहे, गरिबांचा देव गरिबांच्याच वाहनावरून येतो, असं पाळकसाहेब नंतर बोलले. भांबळांनी नम्रपणे मान लववली. आणि हा ताल मास्तरांच्या हाताचा, असं म्हणून पाळकसाहेबांनी टाळ्या वाजवायला लावल्या. मास्तर उठले, बसले.

एकटे ईरप्पा सबंध वेळ गुडघ्यावर बोटानं ठेका धरून हसत होते.

गर्दी पांगल्यावर ते मास्तरांना बाजूला घेऊन गेले. पानाची चंची सोडत म्हणाले की अक्कलकोट रोडला नवी जागा मिळाली. सगळे लूम तिकडं न्यायचं ठरलं.

"लई वर्सं तरास दिला तुमाला," ते म्हणाले. "आता निवांत गावा."

मास्तरांनी आनंद झाल्यासारखा चेहरा केला. तो नीट बसेना. पटांगणात मुलं पडदा उतरवत होती आणि गोजाबाई खुर्च्या मोजायच्या सोडून इकडंच बघत होती, डोळे चांगले उघडे ठेवून.

"न्या," मास्तर म्हणाले. "न्यायलाच पाहिजेत. चांगलंच आहे."

ईरप्पा पानाला चुना लावत थांबले होते.

"ते गाढव तेवढं," मास्तर हळूच म्हणाले, "राहू द्या इथं."